हिरव्या चिठ्ठीची बाटली

या सदरात आम्ही आजवर पुष्कळ विषयांना हात घातला. परंतु बिअरवर लिहिण्याचा प्रसंग येईल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. वडोदऱ्याच्या आमच्या वाचकांस हा लेख केवळ वाचूनच तहान भागवावी लागेल, याची आम्हांस जाणीव आहे. गोव्याकडील वाचक म्हणतील, ज्याच्या घरी काजूची भट्टी त्याला जवाच्या पाण्याचे कौतुक काय सांगता? त्या उभयतांची आधीच क्षमा मागतो. पेल्याचा विषय असला तरी प्रश्न पेल्याचा नाही. एके काळी जिच्यावर आपण जीव टाकला, ती गोष्ट तशीच चांगली राहिली असताना आपले मन तिच्यावरून का उडते, आणि उडाल्यावर आपले तिच्याशी काही कर्तव्य उरते की नाही, हा तो प्रश्न होय.

गेल्या वर्षी शरद ऋतूत आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो येथे आमच्या अक्काकडे महिनाभर राहिलो. अक्काचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, १९८४ साली बेळगाव सोडून तिकडे गेले ते तिकडचेच झाले. माणूस मोजकाच पिणारा. शनिवारी संध्याकाळी एक बाटली, दुसरी नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. परंतु त्या एका बाटलीविषयी बोलू लागले की त्यांना भान राहत नसे. ती बाटली म्हणजे ‘सिएरा नेवाडा’ या ब्रुअरीची पेल एल. हिरव्या रंगाची चिठ्ठी, तीवर डोंगर आणि ओढा. बेळगावला सुटीवर आले म्हणजे भाऊजी तिचे वर्णन असे करीत की, आमच्या आईने एकदा विचारले होते, “जावईबापू, ही कोणी नातेवाईक आहे का तुमची?”

या खेपेस मात्र जेवणाच्या मेजावर भाऊजी म्हणाले, “तिच्यात आता पूर्वीची मजा राहिली नाही हो. कंपनी मोठी झाली, हात सुटला.” त्यांचा मुलगा, आमचा भाचा, समोर बसला होता. तो गढूळ, आंब्याच्या रसासारखी दिसणारी कुठलीशी नवी बिअर डब्यातून ओतून घेत होता. त्याने शांतपणे विचारले, “बाबा, तुम्ही ती शेवटची कधी विकत आणलीत?” भाऊजी निरुत्तर झाले. अक्का हसून म्हणाली, “गराजमध्ये एक पडली आहे, गेल्या उन्हाळ्याच्या आधीची.”

ती आणली, थंड केली, चाखली. आम्ही काही जाणते नव्हे; परंतु आमच्याही जिभेला ती ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली. “पाहिलेत?” भाऊजी विजयाने म्हणाले. भाचा म्हणाला, “मामा, सॅक्रामेंटोच्या उन्हाळ्यात गराजमध्ये ठेवलेले दूध तुम्ही प्याल का?” वाद तेथेच थांबला, पण मिटला नाही. म्हणून शनिवारी सर्वांनी मोटारीने उत्तरेस चिको गावी, प्रत्यक्ष त्या ब्रुअरीत जावे असे ठरले. त्या प्रवासात जे ऐकले, पाहिले आणि परतल्यावर वाचले, त्यातले थोडे येथे देतो.

अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे दारूबंदी होती. त्या बंदीने लहानमोठ्या शेकडो भट्ट्या बुडाल्या. बंदी उठल्यावर ज्या तगल्या, त्यांतल्याही बहुतेक पुढे मोठ्या कंपन्यांनी गिळल्या किंवा स्पर्धेने मारल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्या अवाढव्य देशात शंभरदेखील बिअर कंपन्या उरल्या नव्हत्या. आणि ज्या होत्या त्यांचा माल बव्हंशी एकाच चवीचा, फिकट, पातळ, बर्फासारखा थंड करून घशाखाली घालण्याचा. घरच्या घरी बिअर करणेही कायद्याने गुन्हा होता. तो निर्बंध उठविणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली.

केन ग्रॉसमन नावाचा एक तरुण चिको गावात सायकलींच्या दुकानात काम करी. हौशी लोकांना घरगुती बिअरचे सामान विकण्याचे दुकानही त्याने १९७६ साली काढले होते. पॉल कॅमुसी हा जोडीदार घेऊन १९७९ मध्ये त्याने ब्रुअरी स्थापन केली. लहान ब्रुअरीला लागणारी यंत्रे तेव्हा बाजारात मिळतच नव्हती. म्हणून या दोघांनी दुग्धालयांतली जुनी, टाकून दिलेली भांडी गोळा केली, स्वतः जोडकाम केले, आणि नोव्हेंबर १९८० मध्ये पहिला घाणा लावला. पेल एलचे पहिले कित्येक घाणे त्यांनी गटारात ओतून दिले. चव वाईट होती म्हणून नव्हे, तर प्रत्येक घाण्याची चव निराळी येत होती म्हणून! खिशात पैसा नसताना विकण्याजोगा माल ओतून देणे ही सोपी गोष्ट नव्हे. संसारी वाचकांस त्याचे मोल सांगावयास नको.

या बिअरचे वैशिष्ट्य काय? बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा. तो हॉप्स नावाच्या एका वेलीच्या फुलांबरोबर उकळतात आणि मग त्यात यीस्ट, म्हणजे खमीर, घालून आंबवतात. जव गोडवा देतो, फूल कडवटपणा व सुवास देते. उकळीच्या आरंभी घातलेले फूल कडू करते. शेवटी घातलेले आपला गंध राखते. युरोपातील जुन्या जातींचा गंध सौम्य, गवताचा वा मसाल्याचा. परंतु अमेरिकेच्या ओरेगन राज्यात पैदा केलेली ‘कॅस्केड’ नावाची एक जात १९७२ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हाती आली होती. तिला पपनसाच्या सालीचा आणि देवदाराच्या चिकाचा वास येई. मोठ्या कंपन्यांना हा वास फार उग्र वाटे. ग्रॉसमनने त्यालाच आपल्या पेल एलचा प्राण केले. शिवाय बाटलीत थोडे जिवंत यीस्ट राहू देऊन बुडबुडे तेथेच निर्माण होऊ देण्याची जुनी पद्धत त्याने धरली.

भाऊजींनी ती प्रथम प्याली ती १९८४ च्या हिवाळ्यात, एका सहकाऱ्याच्या घरी. “अरे, मला वाटले कोणी तरी पेल्यात पपनस पिळले,” ते मोटारीत सांगत होते. “त्या दिवसापर्यंत बिअर म्हणजे तहान भागविणारे पिवळे पाणी अशी माझी समजूत. इतक्या साध्या वस्तूत इतके काही असू शकते हे त्या रात्री कळले. परमुलखात एकटा होतो. त्या बाटलीने मला त्या मुलखाची पहिली ओळख करून दिली, असे म्हण.”

आता येथे आमच्या प्रश्नाचा पहिला धागा हाती लागतो. जी वस्तू भाऊजींस विजेसारखी चमकली, ती अंधारात चमकली होती. आज तो अंधार कोठे आहे? शंभराच्या आत उतरलेली ब्रुअऱ्यांची संख्या २०२० नंतरच्या वर्षांत नऊ हजारांच्या वर गेली. यांतील असंख्यांनी सिएरा नेवाडापासूनच धडा घेतला. कॅस्केडचा वास आता नवलाचा राहिला नाही. इतकेच नव्हे, तर ज्या यीस्टवर ही पेल एल आंबते, त्याच्या भावंडाच्या पुड्या जगभर ‘चिको’ या नावाने ओळखल्या जातात आणि ठिकठिकाणचे हौशी लोक त्या घरी वापरतात. गुरूची विद्या सर्व गावाला आली म्हणजे गुरूचे कौतुक उणावते. त्यात गुरूचा दोष कोणता?

दुसरा धागा जिभेचा. कडू चवीचे असे आहे की, जिभेला तिची सवय होते आणि मग तेवढ्यावर भागत नाही. कॅलिफोर्नियातीलच रशियन रिव्हर ब्रुअरीचे विनी सिलर्झो यांनी या अवस्थेला एक नावच देऊन ठेवले आहे: हॉप्सची ओढ लागण्याचा उंबरा पुढे सरकणे. पेल एल एके काळी झोंबरी वाटे. १९९० नंतर तिच्याहून दुप्पट हॉप्सच्या बिअर आल्या आणि ती सौम्य वाटू लागली. मग व्हरमाँट राज्याकडून गढूळ, रसाळ, कडवटपणा झाकलेल्या बिअरची लाट आली, आणि पेल एल तरुणांना अगदीच वडीलधारी दिसू लागली. लोणच्याला तिखट वाढवीत गेलेल्या घरात आजीच्या हातचे लोणचे एक दिवस फिके लागू लागते, तसाच हा प्रकार. लोणचे जेथे होते तेथेच आहे, जीभ मात्र पुढे निघून गेली.

मग जुन्या घराने करावे काय? पिढ्यान्‌पिढ्या हाच पेच. बदलावे तर जुने लोक म्हणतात, बाटली विकली. न बदलावे तर नवे लोक म्हणतात, म्हातारी झाली. सिएरा नेवाडाने दोन्ही केले. पेल एल ठेवली. २००९ साली ‘टॉर्पेडो’ नावाची अधिक कडवी बिअर काढली. आणि २०१८ मध्ये ‘हेझी लिटल थिंग’ ही गढूळ जातीची बिअर डब्यात भरून देशभर विकावयास आणली. हिचा खप थोड्याच काळात कंपनीच्या सर्वांत मोठ्या खपांत जाऊन बसला. भाच्याच्या पेल्यातली गढूळ बिअर हीच होती, हे भाऊजींस चिकोच्या वाटेवर कळले! “म्हणजे तू माझ्याच घरचे पीत होतास?” ते म्हणाले. भाचा म्हणाला, “बाबा, मी आहे म्हणून तुमची हिरवी बाटली अजून निघते.” हे बोलणे उर्मट वाटले, तरी त्यात तथ्य नव्हते असे आम्हांस म्हणवत नाही.

कारण न विकली गेल्यास जुनी गोष्ट कोठे जाते याचे उदाहरण तेथून फार दूर नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोची ‘अँकर’ ब्रुअरी ही या साऱ्या चळवळीची आजी. तिचे नाव १८९६ पासूनचे. १९६५ साली ती बंद पडणार असे कळल्यावर फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने तिचा मोठा हिस्सा घेतला आणि तिला पुन्हा उभे केले. कॅस्केडचा सुगंध असलेली ‘लिबर्टी एल’ तिने १९७५ मध्ये काढली, म्हणजे सिएरा नेवाडाच्याही आधी. मेटॅगने २०१० मध्ये ती विकली. २०१७ मध्ये ती जपानच्या सापोरो कंपनीकडे गेली. आणि जुलै २०२३ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर झाले. पुढे २०२४ मध्ये एका नव्या मालकाने ती विकत घेतली. पण बंद झाल्याची ती बातमी आली त्या आठवड्यात भाऊजी तिची बाटली शोधीत सॅक्रामेंटोभर हिंडले. दुकानांच्या फळ्या रिकाम्या होत्या. त्यांच्यासारखे आणखी पुष्कळ हळहळणारे आधीच येऊन गेले होते. रिकाम्या हाताने परतल्यावर अक्काने त्यांना विचारले होते, “इतके दिवस कुठे होतात?” हे तिने मोटारीत आम्हांस सांगितले, तेव्हा भाऊजी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

चिकोला पोहोचण्याआधी आम्ही थोडे पुढे व्हायना या खेड्यात गेलो. आमच्या वाचकांस हे विशेष रुचेल. तेथे ‘न्यू क्लेअरव्हो’ नावाचा ट्रॅपिस्ट मठ आहे. १९५५ साली संन्यासी तेथे आले. स्पेनमध्ये ओव्हिला येथे बाराव्या शतकात स्थापन झालेला सिस्टर्शियन पंथाचाच एक मठ होता. तो ओस पडलेला असताना विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या धनाढ्य वृत्तपत्रमालकाने १९३१ साली त्याच्या इमारतींचे चिरे विकत घेऊन जहाजांतून सॅन फ्रान्सिस्कोला आणविले. त्याच्या मनातला वाडा काही उठला नाही. चिरे तेथल्या सार्वजनिक उद्यानात कित्येक दशके पडून राहिले. १९९४ साली मठाने ते मागून आणले आणि चिऱ्याला चिरा लावून मठवासीयांच्या सभेची ती जुनी वास्तू पुन्हा उभी करण्यास घेतली. या कामास मदत व्हावी म्हणून सिएरा नेवाडाने २०११ पासून काही वर्षे ‘ओव्हिला’ या नावाने मठांच्या परंपरेतील बिअर काढली, आणि तिच्या उत्पन्नातील वाटा मठाला दिला. बेल्जियमच्या मठांत आजही संन्यासी स्वकष्टाने बिअर करून आपला निर्वाह करतात व उरलेले दान करतात, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. अशा मंडळींशी व्यापारी कंपनीने हात मिळवावा, ही गोष्ट आम्हांस आवडली. त्या कमानींखाली आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. आठशे वर्षांचे चिरे एका देशात ओस पडले, दुसऱ्यात उघड्यावर राहिले, आणि तिसऱ्या ठिकाणी पुन्हा प्रार्थनेच्या उपयोगी आले. कोणी तरी ते मागावयास गेले म्हणूनच ना?

चिकोच्या ब्रुअरीत जर्मनीहून आणलेली तांब्याची थोरली भांडी आरशासारखी लखलखत होती. तेथील उपाहारगृहात बसलो आणि भाऊजींनी पेल एल मागविली. पेला आला. त्यांनी आधी वास घेतला. मग एक घोट घेतला. आम्ही तिघे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. “हीच ती,” ते म्हणाले. “काही बिघडलेली नाही. हात सुटला म्हणालो, ते माझे चुकले. माझे गराज तापले होते.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “पण खरे सांगू? त्या दिवशी छातीत धडधडले होते. आज धडधडले नाही.”

या प्रामाणिक बोलण्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. ज्यांस चाळीस वर्षांचा सहवास आहे, त्यांना जुनी ब्रुअरी अजून रोमांचित करते काय? आमचे उत्तर: नाही, आणि तिने तसे करावे अशी अपेक्षा धरणेच अन्यायाचे आहे. प्रथम भेटीचा रोमांच वस्तूत अर्धा असतो आणि अर्धा आपल्या अज्ञानात. वस्तू टिकविता येते, अज्ञान कसे टिकविणार? लग्नाला चाळीस वर्षे झालेल्या माणसाने, बायको पाहून छातीत धडधडत नाही म्हणून संसारात मजा राहिली नाही असे म्हटले, तर आपण त्याला शहाणा म्हणू काय? येथे अक्का आमच्याकडे पाहून म्हणाली, “हे तुझ्या भाऊजींना सांग.”

आमचा भाचा या मताशी सहमत नाही, हेही नमूद केले पाहिजे. तो म्हणतो, बिअर ही बायको नव्हे. ग्राहकाने कंपनीशी इमान राखण्याचे काही कारण नाही. जे चांगले लागेल ते प्यावे. हा मुद्दा टाकाऊ नाही. वाईट झालेल्या वस्तूला केवळ जुन्या ओळखीखातर कवटाळून बसावे, असे आम्हीही म्हणत नाही. मोठी झालेली कंपनी दयेची मागणी करीत नाही, आणि तिची कीव करण्याचे आपणांस कारण नाही. परंतु भाऊजींचे वागणे तिसऱ्याच प्रकारचे होते. ते दुसरी चांगली बिअर पीत होते असेही नव्हे. शनिवारी जे दुकानात पुढे दिसे ते आणीत, आणि स्तुती मात्र जुनीची करीत. मग स्तुतीचाही कंटाळा आला, तेव्हा दोष काढू लागले. न चाखता स्तुती आणि न चाखता निंदा! आपण सर्वच जण जुन्या शाळेशी, जुन्या खानावळीशी, जुन्या मित्राशी आणि, कठोर वाटले तरी म्हणतो, म्हाताऱ्या आईवडिलांशीही कधी कधी असेच वागतो. नाव तोंडात असते, पाऊल तिकडे वळत नाही.

आणि रोमांचापलीकडेही काही असते. चिकोहून थोड्याच अंतरावर डोंगरात पॅरडाइज नावाचे गाव आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी लागलेल्या वणव्यात ते जवळजवळ संपूर्ण जळाले. ८५ माणसे मृत्यू पावली. त्या महिन्यातच सिएरा नेवाडाने ‘रेझिलियन्स’ नावाची बिअर करून तिची सर्व विक्री आपद्‌ग्रस्तांस देण्याचे ठरविले, आणि आपली कृती इतर ब्रुअऱ्यांस मोकळी करून तीच बिअर करण्याचे आवाहन केले. चौदाशेहून अधिक ब्रुअऱ्यांनी ते ऐकले. ज्यांनी तिची विद्या उचलून तिचे नवल संपविले होते, तेच त्या दिवशी तिच्या हाकेला धावले. नव्या लाटेवर आलेल्या कोणा एकाच्या हाकेस इतके जण उठले असते असे आम्हांस वाटत नाही. त्यासाठी चाळीस वर्षे एकाच गावात, एकाच नावाने, एकाच चवीने उभे राहावे लागते.

आज तिकडेही दिवस कठीण आहेत. २०२४ साली अमेरिकेत नव्याने उघडलेल्या छोट्या ब्रुअऱ्यांपेक्षा बंद पडलेल्यांची संख्या अधिक भरली. असे कित्येक वर्षांत घडले नव्हते. तरुण मंडळी पूर्वीपेक्षा कमी पितात. त्यात आम्हांस दुःख नाही. उलट आनंदच आहे. परंतु ज्यांना शनिवारची एकच बाटली प्यावयाची आहे, त्यांनी तरी ती कोणाची हे विचाराने ठरवावे.

परतताना भाऊजींनी एक खोका बरोबर घेतला. तळावरची तारीख चष्मा लावून दोनदा वाचली. खोका हिरव्या बाटल्यांचा नव्हता; तांबड्या चिठ्ठीच्या ‘सेलिब्रेशन’चा होता. त्या वर्षीच्या सुगीचे ताजे हॉप्स घालून १९८१ पासून दर हिवाळ्यासाठी ही बिअर निघते आणि संपली की वर्षभर मिळत नाही. “हिची मात्र अजून वाट पाहतो,” ते जरा ओशाळून म्हणाले. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याचे अप्रूप राहते, हेही माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. भाच्याने मात्र गुपचूप जाऊन सहा हिरव्या बाटल्या आणल्या व घरी पोहोचल्यावर शीतकपाटात ठेवल्या. गराजमध्ये नव्हे.

बेळगावी परतल्यावर तीन आठवड्यांनी अक्काचा फोन आला. सहांपैकी चार संपल्या होत्या. दोन भाऊजींनी, आणि दोन, ती म्हणाली, “तुझ्या भाच्याने. वडिलांसमोर बसून.”